क्लाउडला बाहेरचे डीएचसीपी आणि डीएनएस सर्व्हर जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मशीनना आयपी पत्ते देणारे डीएचसीपी सर्व्हर आणि नावावरून पत्ता शोधून देणारे डीएनएस सर्व्हर बहुतेक संस्थांमध्ये क्लाउड येण्याच्या कितीतरी आधीपासून असतात. ते काढून टाकता येत नाहीत, आणि क्लाउड तर स्वतःचे सर्व्हर सोबत घेऊनच येतो. या दोघांची सांगड घालताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते इथे घेतले आहेत. उदाहरणं मुख्यतः ओपनस्टॅक या मुक्त क्लाउड सॉफ्टवेअरची आहेत, कारण तिथे आतली यंत्रणा उघडून पाहता येते. सार्वजनिक क्लाउडचा भाग जिथे वेगळा आहे तिथे तसं सांगितलं आहे.

क्लाउडमध्ये डीएचसीपी आणि डीएनएस आधीच असतात. मग बाहेरचे जोडायचेच कशाला?

गरज नसेल तर जोडू नका. एखाद्या प्रकल्पाची मशीनं आपापसातच बोलत असतील, तर क्लाउडची स्वतःची सोय पुरते.

गरज पडते ती नावांसाठी. क्लाउडमधल्या मशीनला बाहेरच्या लोकांनी नावाने हाक मारायची असेल, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या वापरकर्ते आणि मशीनं सांभाळणाऱ्या यंत्रणेत, सामील व्हायचं असेल, किंवा एखादा आयपी पत्ता अमुक दिवशी कोणाकडे होता याचा हिशेब एकाच ठिकाणी ठेवायचा असेल, तर क्लाउडने मोठ्या यंत्रणेत सामील झालंच पाहिजे. माझं मत असं की डीएनएसची जोडणी जवळजवळ नेहमीच उपयोगाची ठरते, डीएचसीपीची मात्र क्वचित. ज्यांना बाहेरचा डीएचसीपी हवा असतो, त्यातल्या बहुतेकांना खरं तर पत्त्यांची एकत्रित नोंद हवी असते, आणि ती वेगळ्या मार्गाने मिळते.

साध्या नेटवर्कमधला डीएचसीपी आणि क्लाउडमधला डीएचसीपी यांत नेमका फरक काय?

हा मुद्दा पक्का झाला की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

साध्या नेटवर्कमध्ये पत्ता ठरतो तो डीएचसीपी सर्व्हरवर. मशीन चालू होतं, डिस्कव्हर पाठवतं, सर्व्हर पूलमधला (वाटपासाठी राखलेल्या पत्त्यांमधला) एखादा मोकळा पत्ता ऑफर करतो, मशीन रिक्वेस्ट करतं, सर्व्हर अ‍ॅक देतो. निर्णय सर्व्हरचा.

क्लाउडमध्ये पत्ता त्याच्या कितीतरी आधी ठरलेला असतो. ओपनस्टॅकचा नेटवर्क सांभाळणारा भाग म्हणजे न्यूट्रॉन. त्यात पोर्ट, म्हणजे मशीन नेटवर्कला जिथे जोडलं जातं ती जागा, तयार झालं की त्याच क्षणी मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता) आणि आयपी डेटाबेसमध्ये लिहिले जातात. मशीन तेव्हा सुरूही झालेलं नसतं. सिक्युरिटी ग्रुपचे नियम, फ्लोटिंग आयपीची (बाहेरून पोहोचता येणाऱ्या पत्त्याची) जोडणी, लोड बॅलन्सरची यादी, सगळं त्या नोंदीवर उभं राहतं. डीएचसीपी फक्त निरोप पोहोचवतो. न्यूट्रॉनचा डीएचसीपी एजंट डीएनएसमास्क या छोट्या डीएचसीपी सर्व्हरला प्रत्येक मॅकसमोर एक ठरलेला आयपी लिहिलेली यादी देतो आणि डीएनएसमास्क ती वाचून दाखवतो. न्यूट्रॉनखाली ओव्हीएन ही आभासी नेटवर्कची यंत्रणा वापरत असाल तर वेगळा सर्व्हरही नसतो. प्रत्येक होस्टवरचा ओव्हीएन कंट्रोलरच उत्तराचं पॅकेट बनवून परत पाठवतो.

आता इथे एखादा बाहेरचा सर्व्हर स्वतःच्या पूलमधून वेगळा पत्ता देऊ लागला तर काय होईल? मशीन तो पत्ता आनंदाने घेईल. पण न्यूट्रॉनच्या पोर्ट सिक्युरिटीला तो पत्ता माहीत नसतो, त्यामुळे त्या मशीनची पॅकेटं स्पूफिंग (खोट्या पत्त्याने पाठवलेली) समजून टाकून दिली जातील. 'मशीनला आयपी मिळालाय, पण गेटवेसुद्धा पिंग होत नाही' ही तक्रार आली की सगळ्यात आधी मशीनमधला पत्ता आणि न्यूट्रॉनमधला पत्ता शेजारी ठेवून बघा.

तरीही बाहेरचाच डीएचसीपी हवा असेल तर मार्ग कोणते?

चार मार्ग आहेत. माझी पसंती ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने सांगतो.

पहिला, पत्ता ठरवण्याचं काम बाहेर द्यायचं आणि निरोप पोहोचवण्याचं काम क्लाउडकडेच ठेवायचं. न्यूट्रॉनमध्ये आयपॅमचा, म्हणजे पत्त्यांचं वाटप आणि नोंद सांभाळणाऱ्या भागाचा, ड्रायव्हर बदलता येतो. पोर्ट तयार होताना न्यूट्रॉन बाहेरच्या आयपॅमला विचारतं, तिथून पत्ता घेतं, आणि डीएनएसमास्क किंवा ओव्हीएन तो मशीनला देतं. हिशेब एकत्र राहतो आणि रिले, फायरवॉल यांच्या भानगडीत पडावं लागत नाही.

दुसरा, डीएचसीपी वापरायचाच नाही. सबनेटवर तो बंद ठेवायचा आणि कॉन्फिग ड्राइव्हमधून पत्ता द्यायचा. क्लाउड-इनिट (मशीन पहिल्यांदा सुरू होताना सेटिंग लावणारा प्रोग्रॅम) ती छोटी डिस्क वाचतं आणि इंटरफेस स्थिर पत्त्याने उभा करतं. मोजकी, दीर्घकाळ चालणारी मशीनं असतील तर हा मार्ग फार निवांत आहे.

तिसरा, सबनेटवर क्लाउडचा डीएचसीपी बंद करून बाहेरचा सर्व्हर प्रोव्हायडर नेटवर्कवरून, म्हणजे डेटा सेंटरच्या खऱ्या नेटवर्कला थेट जोडलेल्या नेटवर्कवरून, पोहोचवायचा, आणि प्रत्येक पोर्टसाठी त्या सर्व्हरवर रिझर्व्हेशन ('या मॅकला हाच पत्ता' अशी नोंद) लिहायचं. हे चालतं, पण त्यासाठी दोन्ही बाजू जुळवत ठेवणारा कोड लिहावा आणि सांभाळावा लागतो.

चौथा, पोर्ट सिक्युरिटी बंद करून बाहेरच्या सर्व्हरला हवा तो पत्ता देऊ द्यायचा. प्रयोगशाळेपुरतं ठीक आहे. जिथे अनेकांची मशीनं एकत्र नांदतात तिथे हे करू नका, कारण मग कोणीही कोणाचाही पत्ता घेऊन बसू शकतो आणि क्लाउडच्या डेटाबेसमधली नोंद खोटी पडते.

तिसऱ्या मार्गात रिझर्व्हेशन वेळेवर पोहोचेल याची खात्री कशी करायची?

पोर्ट तयार झाल्याची सूचना येईपर्यंत, ती वाचून रिझर्व्हेशन लिहीपर्यंत मशीन सुरू होऊन डिस्कव्हर पाठवून मोकळं झालेलं असू शकतं. म्हणून क्रम उलटा करा: आधी पोर्ट, मग रिझर्व्हेशन, ते लिहिलं गेल्याची खात्री, आणि शेवटी त्या पोर्टवर मशीन.

दुसरी गोष्ट, त्या सबनेटमध्ये मोकळा पूल ठेवूच नका. रिझर्व्हेशन नसेल तर सर्व्हरने गप्प राहावं. गप्प सर्व्हरला मशीन थोड्या वेळाने पुन्हा विचारतं आणि तोवर नोंद पोहोचलेली असते. चुकीचा पत्ता एकदा मिळाला की तो लीज, म्हणजे पत्ता वापरायची मुदत, संपेपर्यंत चिकटून बसतो.

तिसरी, सूचना कधीतरी हरवतात. दर काही मिनिटांनी न्यूट्रॉनमधली पोर्टं आणि सर्व्हरवरची रिझर्व्हेशनं यांची तुलना करणारं काम वेगळं चालू ठेवा. फरक सापडला तर खरी नोंद न्यूट्रॉनची.

जुना आयएससी डीएचसीपी सर्व्हर आहे. तो चालेल?

पॅकेटं देईल, पण नव्या जोडणीसाठी तो निवडू नका. आयएससी या संस्थेने २०२२ मध्ये त्याची देखभाल थांबवली आणि किआ हा त्याचा वारस आहे. किआमध्ये रिझर्व्हेशन मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ठेवता येतात, त्यामुळे प्रत्येक नव्या मशीनसाठी कॉन्फिगरेशन फाइल बदलून सर्व्हर पुन्हा चालू करावा लागत नाही. मशीनं मिनिटामिनिटाला येत-जात असतील तर एवढं कारण पुरेसं आहे. दोन सर्व्हरची हॉट-स्टँडबाय किंवा लोड-बॅलन्सिंग जोडीही त्यात करता येते.

डीएचसीपी सर्व्हर क्लाउडमधल्याच एका व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवला तर?

ओपनस्टॅकमध्ये साध्या पोर्टवरून तो उत्तरच देऊ शकणार नाही. मशीनने डीएचसीपी सर्व्हर बनू नये म्हणून यूडीपी पोर्ट ६७ वरून बाहेर पडणारी उत्तरं अडवलेली असतात. त्या मशीनच्या न्यूट्रॉन पोर्टची सिक्युरिटी बंद करावी लागते. शिवाय त्याच सबनेटवर क्लाउडचा डीएचसीपी चालू राहिला असेल तर दोघांची शर्यत लागते आणि ज्याचं उत्तर आधी पोहोचेल त्याचा पत्ता मशीन घेतं.

डीएचसीपी रिले लावला. सुरुवातीला सगळं चालतं, पण काही तासांनी लॉगमध्ये रिन्यू अयशस्वी दिसतं. का?

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिला डिस्कव्हर ब्रॉडकास्ट असतो, म्हणजे सबनेटमधल्या सगळ्यांना मारलेली हाक. रिले तो उचलतो, जीआयअ‍ॅडर या रकान्यात स्वतःचा पत्ता भरतो आणि सर्व्हरकडे युनिकास्टने, म्हणजे थेट त्याच्याच पत्त्यावर, पाठवतो. सर्व्हर जीआयअ‍ॅडर बघून सबनेट ओळखतो. इथपर्यंत सगळा संवाद रिले आणि सर्व्हर यांच्यात, म्हणून फायरवॉलमध्ये आपण तेवढीच वाट उघडतो.

लीजचा निम्मा काळ संपला की मशीन रिन्यू करतं, आणि ते थेट सर्व्हरच्या पत्त्यावर. रिले मधे येतच नाही. फायरवॉलला ही वाट माहीत नाही, पॅकेट अडतं. लीजचा ८७.५ टक्के काळ उलटला की मशीन पुन्हा ब्रॉडकास्टवर येतं, रिले ते उचलतो आणि लीज वाढते. म्हणजे २४ तासांची लीज असेल तर १२व्या तासापासून २१व्या तासापर्यंत लॉगमध्ये अपयश दिसतं आणि मग आपोआप बरं होतं. मशीन कधीच बंद पडत नाही, त्यामुळे कारण सापडत नाही. आम्ही दोन दिवस सर्व्हरची कॉन्फिगरेशन तपासत बसलो होतो, दोष फायरवॉलच्या एका नियमात होता. मशीनच्या सबनेटपासून सर्व्हरपर्यंत यूडीपी ६७ आणि परतीला ६८ अशी थेट वाटही उघडी ठेवा.

दोन प्रकल्पांनी एकच १०.०.०.०/२४ सबनेट वापरलं आहे. बाहेरचा सर्व्हर त्यांना वेगळं ओळखेल?

नुसत्या जीआयअ‍ॅडरवरून नाही, तो दोन्हीकडून सारखाच येईल. डीएचसीपीच्या पॅकेटात क्रमांक दिलेले पर्याय असतात. त्यातल्या पर्याय ८२ मध्ये रिले जास्तीची ओळख जोडू शकतो, पण परतीची वाटही वेगळी ठेवावी लागते आणि गुंता वाढतो. एकमेकांवर येणारी सबनेट असतील तिथे क्लाउडचाच डीएचसीपी राहू द्या.

बाहेरचा डीएचसीपी लावल्यापासून एसएसएच जोडणी होते, पण मोठी फाइल पाठवताना अडकते.

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. जवळजवळ खात्रीने.

क्लाउडमधली नेटवर्कं बहुधा बोगद्यातून जातात, म्हणजे मशीनचं पॅकेट दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून पाठवलं जातं. व्हीएक्सलॅन हा बोगद्याचा प्रकार आयपीव्ही४ वरून चालत असेल तर प्रत्येक पॅकेटवर ५० बाइटचं ओझं चढतं: बाहेरच्या आयपी हेडरचे २०, यूडीपीचे ८, व्हीएक्सलॅनचे ८ आणि आतल्या इथरनेटचे १४. खालच्या नेटवर्कचा एमटीयू १५०० असेल तर मशीनसाठी १४५० उरतो. ओव्हीएनच्या जिनिव्ह बोगद्यात तोच आकडा १४४२ होतो. क्लाउडचा स्वतःचा डीएचसीपी हा आकडा पर्याय २६ मधून मशीनला सांगत होता, आणि आपल्याला ते कधी कळलंही नव्हतं. बाहेरच्या सर्व्हरला हे कोणी सांगितलेलं नसतं, मशीन १५०० धरून चालतं. छोटी पॅकेटं जातात, म्हणून लॉगिन होतं. मोठी वाटेतच हरवतात.

पर्याय २६ प्रत्येक सबनेटसाठी स्वतंत्रपणे द्या. न्यूट्रॉन नेटवर्कच्या तपशिलात योग्य आकडा दिसतो, तोच जसाच्या तसा उचला. खालचं नेटवर्क जंबो फ्रेमवर (१५०० पेक्षा मोठ्या पॅकेटांवर) नेणं हा दुसरा उपाय, पण त्यासाठी वाटेतला प्रत्येक स्विच तयार हवा.

मशीनला आयपी मिळतो, पण क्लाउड-इनिट मेटाडेटाची वाट बघत बसतं आणि एसएसएच की येतच नाही.

मेटाडेटा, म्हणजे मशीनचं नाव, एसएसएच की अशी सुरुवातीची माहिती, १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर मिळतो. नेटवर्कला राउटर असेल तर नेहमीच्या डीफॉल्ट रूटने ती विनंती राउटरपर्यंत पोहोचते आणि तिथे पकडली जाते. राउटर नसलेल्या नेटवर्कवर मात्र (ओव्हीएन नसेल तेव्हा) मेटाडेटा डीएचसीपी एजंटकडूनच मिळतो, आणि तिकडे जाणारा रूट पर्याय १२१ मधून दिलेला असतो. सबनेटवर डीएचसीपी बंद केला की एजंटही गेला आणि रूटही गेला.

सरळ उपाय कॉन्फिग ड्राइव्हचा. मग मेटाडेटासाठी नेटवर्क लागतच नाही.

पर्याय १२१ स्वतः देणार असाल तर एक खाचखळगा लक्षात ठेवा: हा पर्याय आला की क्लायंटने पर्याय ३ मधला गेटवे दुर्लक्षित करायचा असतो, आरएफसी ३४४२ (इंटरनेटचं मानक) तसं स्पष्ट सांगते. म्हणून डीफॉल्ट रूटसुद्धा १२१ मध्येच लिहा. नाहीतर मेटाडेटा येईल आणि बाकीचं जग तुटेल.

एकाच इमेजपासून बनवलेल्या दोन मशीनना तोच पत्ता मिळतो. मॅक तर वेगळे आहेत!

सर्व्हर मॅक बघत नाहीये, क्लायंट आयडेंटिफायर बघतोय. लिनक्समधलं सिस्टमडी-नेटवर्कडी हा आयडेंटिफायर मशीन-आयडीवरून तयार करतं. इमेज बनवताना ती फाइल रिकामी केली नसेल, तर त्या इमेजमधून जन्मलेलं प्रत्येक मशीन सर्व्हरला एकच मशीन वाटतं. क्लाउडच्या डीएनएसमास्कने मॅकवरून पत्ता दिला होता, म्हणून हा दोष इतके दिवस झाकून राहिला.

इमेज बंद करण्याआधी मशीन-आयडी रिकामी करा. नेटप्लॅन असेल तर डीएचसीपी आयडेंटिफायर म्हणून मॅक वापरायला सांगता येतं. दोन्ही केलंत तर उत्तम.

सार्वजनिक क्लाउडमध्ये स्वतःचा डीएचसीपी सर्व्हर चालवता येतो का?

अ‍ॅमेझॉनच्या व्हीपीसीमध्ये (ग्राहकाच्या खासगी नेटवर्कमध्ये) ब्रॉडकास्ट चालत नाही, त्यामुळे नाही. तिथे डीएचसीपी ऑप्शन सेट असतो. त्यात डोमेनचं नाव आणि जास्तीत जास्त चार डीएनएस सर्व्हर देता येतात. एकदा बनवलेला सेट बदलता येत नाही. नवा बनवून व्हीपीसीला जोडायचा, आणि चालू मशीनना तो लीज नव्याने घेताना कळतो. डीएनएस मात्र अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्टचं अझुर आणि गूगल या तिन्ही मोठ्या क्लाउडमध्ये बाहेरच्या सर्व्हरशी जोडता येतं.

सार्वजनिक क्लाउडमधली खासगी नावं आमच्या डेटा सेंटरमधून सापडत नाहीत. फॉरवर्डर तर लावला आहे.

फॉरवर्डर, म्हणजे प्रश्न पुढच्या सर्व्हरकडे पाठवणारी सोय, कुठल्या पत्त्यावर लावलाय ते बघा. व्हीपीसीच्या सुरुवातीच्या पत्त्यात दोन मिळवून जो रिझॉल्व्हरचा (नावाचं उत्तर शोधून देणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता येतो, तो व्हीपीसीच्या आतूनच उत्तर देतो. व्हीपीएनवरून आलेल्याला नाही. अझुरमधल्या १६८.६३.१२९.१६ चंही तसंच. बाहेरून विचारायचं तर अ‍ॅमेझॉनमध्ये रूट ५३ रिझॉल्व्हरचा इनबाउंड एंडपॉइंट, अझुरमध्ये प्रायव्हेट रिझॉल्व्हर, किंवा आत ठेवलेलं एखादं फॉरवर्डर मशीन लागतं.

उलट्या दिशेला गूगलची एक खासियत आहे. क्लाउड डीएनएस तुमच्या सर्व्हरकडे खासगी वाटेने क्वेरी पाठवतं तेव्हा ती ३५.१९९.१९२.०/१९ या पट्ट्यातून येते. पत्ता सार्वजनिक दिसतो, म्हणून डेटा सेंटरचा राउटर उत्तर इंटरनेटकडे ढकलतो आणि क्वेरी वाया जाते. त्या पट्ट्याचा परतीचा रूट व्हीपीएनकडे वळवा.

अ‍ॅमेझॉनमध्ये आणखी एक मर्यादा आहे: एका नेटवर्क इंटरफेसवरून रिझॉल्व्हरकडे सेकंदाला १०२४ पॅकेटंच जातात. सगळ्यांच्या क्वेरी एका फॉरवर्डर मशीनमधून काढल्या तर गर्दीच्या वेळी ही भिंत लागते.

डीएनएसमध्ये मशीनचं रेकॉर्ड कोणी लिहावं? डीएचसीपी सर्व्हरने, मशीनने, की क्लाउडने?

क्लाउडने. आणि फक्त क्लाउडने.

लिहिणं तिघांनाही जमतं. किआमध्ये त्यासाठी वेगळा डीडीएनएस घटक आहे, विंडोज मशीनं स्वतःच डायनॅमिक अपडेट पाठवतात. अडचण पुसताना येते. व्हर्च्युअल मशीन काढून टाकलं जातं तेव्हा ते सर्व्हरला 'पत्ता परत घ्या' असं सांगून जात नाही, क्षणात नाहीसं होतं. डीएचसीपी सर्व्हरला लीज संपेपर्यंत पत्ता लागत नाही, आणि मशीनने स्वतः लिहिलेलं रेकॉर्ड पुसायला मागे कोणी उरत नाही. मधल्या काळात तोच पत्ता दुसऱ्या मशीनला मिळतो. मग जुन्या नावाने हाक मारली तर भलतंच मशीन ओ देतं. पेमेंटचा सर्व्हर समजून कोणी चाचणीच्या मशीनवर जाऊन धडकणं ही साधी गोष्ट नाही. मशीन गेलं हे त्या क्षणी जाणणारा एकच घटक आहे, तो म्हणजे क्लाउडचा नियंत्रक. म्हणून पेन आणि खोडरबर दोन्ही त्याच्याच हातात द्या.

दोघांनी लिहायचंच असेल तर निदान झोन (नावांचे एकत्र सांभाळले जाणारे गट) वेगळे ठेवा. एकाच झोनमध्ये दोन लेखक असले की एकाचं लिहिलेलं दुसरा पुसतो.

अपवाद अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा. तिचे सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, आपली एसआरव्ही रेकॉर्डं (सेवा कुठे आहे ते सांगणाऱ्या नोंदी) केर्बेरॉस या ओळख तपासणाऱ्या पद्धतीने सुरक्षित केलेल्या अपडेटने स्वतः लिहितात. तो झोन त्यांच्याकडेच राहू द्या आणि क्लाउडकडून तिकडे कंडिशनल फॉरवर्डर (फक्त त्या झोनचे प्रश्न पाठवणारा) लावा.

डेझिग्नेट आमच्या बाइंड सर्व्हरमध्ये रेकॉर्ड कसं लिहितं? बाइंडच्या बाजूला काय उघडावं लागेल?

डेझिग्नेट ही ओपनस्टॅकची डीएनएस सेवा, आणि बाइंड हा प्रचलित डीएनएस सर्व्हर. इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. डेझिग्नेट बाइंडमध्ये रेकॉर्ड लिहीत नाही. त्याचा मिनी-डीएनएस हा घटक लपलेला प्रायमरी (झोनची मूळ प्रत ठेवणारा) असतो आणि तुमचा बाइंड सेकंडरी (तिची नक्कल ठेवणारा). झोन नवा असेल तर डेझिग्नेट आरएनडीसी या बाइंडच्या नियंत्रण साधनाने पोर्ट ९५३ वरून बाइंडला तो झोन जोडायला सांगतं. त्यासाठी बाइंडमध्ये नवे झोन जोडण्याची परवानगी चालू हवी. पुढे रेकॉर्ड बदललं की डेझिग्नेट नोटिफाय पाठवतं आणि बाइंड मिनी-डीएनएसकडून, नेहमीच्या रचनेत पोर्ट ५३५४ वरून, झोन ओढून घेतो.

म्हणजे फायरवॉल दोन्ही दिशांना उघडावी लागते: डेझिग्नेटकडून बाइंडकडे ५३ आणि ९५३, बाइंडकडून डेझिग्नेटकडे ५३५४, तेही टीसीपीसकट. परतीची दिशा विसरली की झोन तयार झालेला दिसतो, पण रिकामा.

याचा आणखी एक अर्थ असा की बाइंडमध्ये हाताने सांभाळत राहायचा असलेला झोन त्याच वेळी डेझिग्नेटला देता येत नाही. मुख्य झोन आहे तिथेच ठेवा, त्याखाली क्लाउडसाठी एक उपझोन काढा आणि एनएस रेकॉर्डने तो डेझिग्नेटच्या सर्व्हरकडे सोपवा. चूक झाली तरी ती उपझोनपुरती राहते.

न्यूट्रॉन आणि डेझिग्नेट जोडले, तरी मशीनचं नाव डीएनएसमध्ये येत नाही.

तीन ठिकाणी बघा. न्यूट्रॉनच्या कॉन्फिगरेशनमध्ये डीएनएस डोमेन मुळात ओपनस्टॅकलोकल असं असतं. ते बदललेलं हवं आणि शेवटी पूर्णबिंदू हवा. एमएल२ या न्यूट्रॉनच्या प्लगइनच्या यादीत डीएनएसचा एक्स्टेन्शन ड्रायव्हर चालू हवा. आणि नेटवर्कवरही डीएनएस डोमेन नेमलेलं हवं.

हे सगळं असूनही प्रकल्पाच्या आतल्या, बोगद्यावरच्या नेटवर्कमधला पत्ता प्रसिद्ध होत नाही, फ्लोटिंग आयपीच होतो. तो दोष नाही, तशीच रचना आहे, कारण आतला पत्ता बाहेरच्यांच्या कामाचा नसतो. राउटिंगने तो खरंच पोहोचण्याजोगा असेल, तर सबनेटवर स्थिर पत्ता प्रसिद्ध करण्याचा पर्याय वेगळा चालू करता येतो.

डायनॅमिक अपडेट कधी चालतात, कधी नाकारले जातात.

घड्याळ तपासा. टीसिग म्हणजे डीएनएस संदेशावरची सही. तिच्यात वेळ असते आणि नेहमीची सवलत ३०० सेकंदांची. दोन्ही बाजूंना एनटीपी (घड्याळं जुळवणारी सेवा) हवंच. आणि टीसिगची एकच की सगळ्या झोनसाठी वापरू नका.

रेकॉर्ड तयार झालं, सर्व्हरवर दिसतंय, तरी काही मशीनना बराच वेळ 'असं नाव नाही' हेच उत्तर मिळतं.

त्यांनी घाई केली. रेकॉर्ड येण्याआधीच नाव विचारलं, 'नाही' असं उत्तर मिळालं, आणि ते 'नाही' रिझॉल्व्हरने जपून ठेवलं. किती वेळ जपायचं ते झोनच्या एसओए रेकॉर्डवरून ठरतं: एसओएचा टीटीएल (नोंद किती वेळ जपायची तो काळ) आणि त्यातला शेवटचा आकडा, यांपैकी जो लहान असेल तो. पुष्कळ जुन्या झोनमध्ये हा आकडा तासांत असतो. मशीनं सतत येत-जात असलेल्या झोनमध्ये तो ३० ते ६० सेकंदांवर आणा. नवं मशीन तयार होईपर्यंत त्याचं नाव सारखं विचारत राहणाऱ्या स्क्रिप्ट हा त्रास ओढवून घेतात. त्यांनी क्लाउडच्या एपीआयला विचारावं.

उलट नोंदी, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी पीटीआर रेकॉर्डं, खरंच लागतात का?

मेल सर्व्हर, केर्बेरॉस आणि लॉग वाचणारी माणसं, तिघांनाही लागतात. उलट झोन /२४ च्या (२५६ पत्त्यांच्या गटाच्या) सीमेवर सोपवणं सोपं असतं. त्याहून लहान तुकडा मिळाला असेल तर आरएफसी २३१७ मधली सीनेमची (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे वळवण्याची) युक्ती वापरावी लागते, आणि त्यासाठी वरच्या झोनवाल्याचं सहकार्य हवं. क्लाउडला अख्खे /२४ देता आले तर हा व्याप टळतो.

आतल्या झोनला नाव काय द्यावं?

तुमच्या नावावर नोंदवलेल्या डोमेनचा उपझोन. 'डॉट लोकल' नकोच, ते मल्टिकास्ट डीएनएससाठी राखलेलं आहे आणि अनेक मशीनं ते नाव डीएनएस सर्व्हरला विचारतच नाहीत. पूर्ण खासगी नाव हवंच असेल तर इंटरनेटची नावं सांभाळणाऱ्या आयकॅनने २०२४ मध्ये 'डॉट इंटर्नल' खासगी वापरासाठी राखून ठेवलं आहे. मुख्य डोमेन डीएनएससेक या पडताळणीच्या पद्धतीने सही केलेलं असेल तर त्याखालचा सही नसलेला खासगी झोन तपासणी करणाऱ्या रिझॉल्व्हरवर अडेल. तिथे अपवाद लिहावा लागतो किंवा वरच्या झोनमध्ये रीतसर सोपवणी करावी लागते.

बाहेरचा डीएनएस बंद पडला तर क्लाउडही बंद पडेल का?

काळजी घेतली नाही तर हो, आणि फार विचित्र पद्धतीने.

लिनक्समधलं जीलिबसी (प्रोग्रॅमना नावं शोधून देणारी लायब्ररी) पहिले तीनच नेमसर्व्हर वापरतं आणि प्रत्येकाची ५ सेकंद वाट बघतं. यादीतला पहिला मेला की प्रत्येक नव्या नावासाठी ५ सेकंदांचा खोळंबा होतो. काहीही तुटत नाही, सगळं फक्त मंद होतं, आणि लोक डेटाबेसला दोष देत बसतात. प्रत्येक होस्टवर किंवा मशीनवर स्थानिक कॅश ठेवली तर हा धक्का बराच कमी होतो.

त्याहून गंभीर गोष्ट वर्तुळाची. क्लाउडच्या नियंत्रण सेवा एकमेकींना नावाने शोधतात, ती नावं बाहेरच्या डीएनएसमध्ये, आणि तो डीएनएस सर्व्हर याच क्लाउडमधलं एक व्हर्च्युअल मशीन. वीज जाऊन सगळं एकदम बंद पडलं की कोण आधी उठणार? नियंत्रक नाव शोधतो, नाव देणारं मशीन नियंत्रकाशिवाय सुरू होत नाही. म्हणून डेटाबेस, मेसेज क्यू आणि एपीआयची नावं होस्ट फाइलमध्येही लिहा, आणि निदान एक डीएनएस सर्व्हर क्लाउडबाहेरच्या खऱ्या मशीनवर ठेवा. फॉरवर्डरचंही असंच वर्तुळ होतं. क्लाउडचा सर्व्हर न कळलेली नावं डेटा सेंटरकडे पाठवतो, डेटा सेंटरचा ती परत क्लाउडकडे. फॉरवर्डर झोननिहाय लावा, सरसकट फक्त एकाच दिशेला.

आयपीव्ही६ मध्ये हे सगळं बदलतं का?

पोर्टं ५४६ आणि ५४७ होतात, मॅकऐवजी डीयूआयडी हा क्लायंटचा ओळखक्रमांक येतो, आणि गेटवे डीएचसीपीव्ही६ मधून मिळतच नाही, तो राउटर अ‍ॅडव्हर्टाइजमेंटमधूनच येतो. म्हणून बाहेरचा डीएचसीपीव्ही६ लावला तरी ती घोषणा कोण करणार हे आधी ठरवा.

चालू करण्याआधी तपासणी कशी करावी?

मशीनच्या टॅप इंटरफेसवर (होस्टवरच्या त्याच्या आभासी जोडणीवर) टीसीपीडम्प हे पॅकेटं दाखवणारं साधन लावून पोर्ट ६७ आणि ६८ बघा, मग होस्टच्या बाहेर पडणाऱ्या इंटरफेसवर, मग रिलेवर, मग सर्व्हरवर. डिस्कव्हर जिथे दिसेनासा होतो तिथे दोष आहे. ऑफर मिळाली की त्यातले पर्याय वाचा आणि क्लाउडच्या स्वतःच्या डीएचसीपीच्या ऑफरशी ओळीनुसार ताडून बघा. २६ आणि १२१ तिथेच सापडतील. लीज मुद्दाम दहा मिनिटांची करून एक पूर्ण फेरी पार पडू द्या, म्हणजे रिन्यूची थेट वाट तपासली जाईल.

डीएनएससाठी डिग या साधनाने आधी प्रायमरीला, मग सेकंडरीला, मग मशीन वापरतं त्या रिझॉल्व्हरला तोच प्रश्न विचारा, आणि एकदा टीसीपीवरूनही विचारा. मग मशीन काढून टाका. टीटीएल उलटल्यावर नाव, उलट नोंद आणि रिझर्व्हेशन तिन्ही गेलीत का बघा, आणि तोच पत्ता नव्या मशीनला देऊन जुन्या नावाने हाक मारून पाहा.